एकासनी अल्ट्रालाइट विमान : किटची रचना आणि नागपूरची हवा

एकासनी अल्ट्रालाइट म्हणजे फक्त वैमानिकापुरती जागा असलेले अतिशय हलके विमान. ते बहुधा सुट्या भागांच्या किटमधून घरच्या शेडमध्ये जोडले जाते. या वर्गाची चौकट ठरवली ती अमेरिकेच्या 1982 सालच्या ‘पार्ट 103’ नियमाने : रिकाम्या विमानाचे वजन 254 पौंडांहून (सुमारे 115 किग्रॅ.) कमी, इंधन जास्तीत जास्त 19 लिटर, सपाट उड्डाणातला कमाल वेग ताशी 102 किमी. आणि स्टॉलचा वेग (ज्याच्याखाली पंख विमान पेलू शकत नाही तो) ताशी 44 किमी.पेक्षा अधिक नाही. एवढे पाळले की तिथे विमानाची नोंदणी लागत नाही आणि वैमानिकाला परवानाही लागत नाही. निम्म्याहून अधिक बांधणी मालकानेच करावी, ही प्रसिद्ध अट मात्र या वर्गाची नव्हे. ती ‘प्रायोगिक’ वर्गातल्या हौशी बांधणीच्या विमानांची आहे. भारतात अशी मोकळीक नाही. इथे मायक्रोलाइट म्हणून नोंदणी आणि वैमानिकाचा परवाना दोन्ही डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) घ्यावे लागतात, आणि नागपूरच्या आसपास उडायचे तर सोनेगाव विमानतळाच्या नियंत्रित हवाई क्षेत्राचाही विचार आधी करावा लागतो.

आराखड्याची सुरुवात स्टॉलच्या वेगापासून होते. विमान 115, वैमानिक 80 आणि पेट्रोल 14 किग्रॅ. धरले तर एकूण भार 210 किग्रॅ.च्या घरात जातो. लिफ्टचा, म्हणजे पंखाच्या उचलीचा, कमाल गुणांक 1.6 धरून हे वजन ताशी 44 किमी. वेगाला पेलायचे, तर सुमारे 14 चौ.मी. पंख लागतो. इतका मोठा पंख इतक्या कमी वजनात बसवायचा म्हणूनच ही विमाने उंच पंखाची, बाहेरून टेकू किंवा तारा दिलेली आणि कापडाने मढवलेली असतात. देखणेपणा हा इथे वजनात न बसणारा भाग आहे.

एकट्या वैमानिकाचे वजन एकूण भाराच्या जवळजवळ 40 टक्के असते, म्हणून आसन गुरुत्वमध्याच्या अगदी जवळ ठेवतात. तसे केले नाही तर 60 किलोच्या माणसाने जुळवलेले विमान 95 किलोच्या माणसाच्या हाती वेगळेच वागेल. टाकीही त्याच कारणाने तिथेच असते. इंजिन मागे आणि उंचावर असलेल्या रचनेत थ्रॉटल वाढवला की नाक खाली दबते. शिवाय वजन कमी आणि हवेचा अडथळा जास्त, त्यामुळे इंजिन बंद पडताच वेग झपाट्याने उतरतो. नाक ताबडतोब खाली न घेतल्यास स्टॉल फार दूर नसतो. मोठ्या विमानावर शिकलेल्यांना हे जड जाते.

सांगाडा तीन प्रकारांत आढळतो. हँग ग्लायडरला इंजिन जोडून आलेल्या क्विकसिल्व्हरच्या घराण्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या बोल्टने जोडतात आणि त्यावर डेक्रॉनचे (पॉलिएस्टरचे) शिवलेले कापड चढवतात. मिनी-मॅक्स लाकडी आहे, तर लीगल ईगलचा सांगाडा वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचा. नळी बदलण्याचा मोह इथे घातक ठरतो. किटमध्ये येते ती 6061-टी6 या जातीच्या ॲल्युमिनियमची. खिडक्या-दारांसाठी बाजारात सहज मिळते ती बहुधा 6063. नागपूरच्या इतवारी बाजारात विकत घेताना दोन्ही सारख्याच चकाकतात, पण 6063-टी6 ची कायमचे वाकण्यापूर्वीची ताकद 6061-टी6 पेक्षा वीस टक्क्यांहून अधिक कमी असते. बोल्टचेही तसेच. ते विमानाच्या दर्जाचेच हवेत, दुकानदार काहीही सांगो.

इंजिन बहुधा हवेने थंड होणारे टू-स्ट्रोक असते. रोटॅक्स 447 हे 40 अश्वशक्तीचे इंजिन अनेक वर्षे या विमानांवर सर्रास दिसले. ते वेगाने फिरते, म्हणून पंख्यासाठी (प्रोपेलरसाठी) फेरे कमी करणारा गिअर किंवा पट्टा लागतो.

नागपूरचा प्रश्न इथे सुरू होतो. विमानतळाची उंची जेमतेम 315 मीटर. पण मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की हवा प्रमाण वातावरणातल्या 1,400 ते 1,500 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेच्या मानाने घनता सुमारे 13 टक्क्यांनी घटते, म्हणजे 40 अश्वशक्तीतून 35 च्या आसपास उरते. वेगदर्शक पूर्वीसारखाच आकडा दाखवतो, मात्र जमिनीवरून सुटताना विमानाचा खरा वेग सात टक्के जास्त असतो. धाव लांबते आणि चढण मंदावते. दुपारच्या उष्ण झोतांत हलका पंख सारखा उचलला-आपटला जातो, त्यामुळे उन्हाळ्यात उडायचे ते पहाटेच.

कार्ब्युरेटरचा घोळ अधिक फसवा आहे. विरळ हवेत पेट्रोलचे प्रमाण जास्त होते, म्हणून उन्हाळ्यात मेन जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) लहान बसवतात. तोच जेट डिसेंबरच्या दहा-बारा अंशांच्या सकाळी तसाच राहिला, तर मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), पिस्टन तापतो आणि जाम होऊ शकतो. थंडीत विमान छान उडते, म्हणून याची शंकाही कुणाला येत नाही. ती शंका दाखवून देणारा एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर म्हणूनच या विमानात चैनीची वस्तू नाही.

चाकांचाही विचार वेगळा करावा लागतो. विदर्भाच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चिखल चाकाला धरतो, उन्हाळ्यात भेगा पडतात. मोठे, कमी हवेचे टायर थोडी मदत करतात. डेक्रॉन कापड मात्र उन्हाने कमकुवत होते, वरून धड दिसले तरी. विमान शेडमध्येच ठेवावे.