नाक-घशाच्या कर्करोगाचे कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे लवकर निदान

नाकामागची पोकळी (नासाग्रसनी), घसा आणि स्वरयंत्र यांतील कर्करोग सुरुवातीलाच हेरण्यासाठी संगणकाला वैद्यकीय प्रतिमा वाचायला शिकवण्याचे तंत्र. दुर्बीण तपासणीची चित्रे, एमआरआय आणि बायोप्सीच्या (तपासणीसाठी काढलेल्या ऊतकाच्या तुकड्याच्या) काचपट्ट्या ही त्याची मुख्य सामग्री. घोगऱ्या आवाजाच्या ध्वनिमुद्रणावरही प्रयोग चालू आहेत.

नासाग्रसनीचा कर्करोग दक्षिण चीन, आग्नेय आशिया व उत्तर आफ्रिकेत अधिक आढळतो आणि एपस्टाइन-बार विषाणूशी त्याचा निकटचा संबंध आहे. तो बहुधा नासाग्रसनीच्या बाजूच्या भिंतीतील रोझेनम्युलर खाचेत सुरू होतो. तोंड उघडून पाहिल्यास ही जागा दिसतच नाही. एका कानाला दडा बसणे, शेंबडातून रक्त येणे या तक्रारी सर्दीच्या नावावर खपून जातात. मानेत न दुखणारी गाठ हाताला लागते, तोवर रोग लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असतो.

बायोप्सीने निदान पक्के झालेली हजारो चित्रे न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक प्रणालीला) दाखवली जातात. त्यांतून शिकलेले प्रारूप नव्या चित्रात संशयास्पद भाग रंगवून दाखवते आणि कर्करोगाची शक्यता आकड्यात सांगते. नॅरोबँड म्हणजे निवडक तरंगलांबीच्या प्रकाशात (415 व 540 नॅनोमीटर) सूक्ष्म रक्तवाहिन्या उठून दिसतात. स्वररज्जूंवरील बदल ओळखताना त्याचा चांगला उपयोग होतो. नासाग्रसनीत मात्र निरोगी लसिकाभ ऊतकही (टॉन्सिलसारखे ऊतक) फुगीर, खडबडीत असते. सौम्य वाढ आणि कर्करोग यांतला फरक तिथे तज्ज्ञालाही चकवतो, आणि यंत्राची खरी परीक्षा तिथेच होते.

ग्वांगझौच्या सन यात्सेन विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये सुमारे 29,000 दुर्बीण-प्रतिमांवर असे प्रारूप उभारले. चाचणीत त्याची अचूकता 88 टक्क्यांच्या आसपास, तज्ज्ञांहून सरस निघाली. पण असे निकाल जपूनच वाचावेत: एका रुग्णालयातल्या दुर्बिणीवर शिकलेले प्रारूप दुसऱ्या बनावटीच्या दुर्बिणीवर अडखळू शकते, आणि श्लेष्मल पटलाखाली (आतल्या ओलसर अस्तराखाली) दडलेली गाठ पृष्ठभागाच्या चित्रात नसतेच. तिथे एमआरआय उपयोगी पडतो.

सरसकट तपासणीतली अडचण साध्या गणिताची आहे. लाखात 20 रुग्ण आहेत आणि प्रारूप रुग्ण आणि निरोगी दोघांनाही ओळखण्यात 95 टक्के अचूक आहे असे धरले, तर 19 रुग्ण सापडतील. पण सुमारे 5,000 निरोगी माणसांनाही कर्करोगाचा संशय चिकटेल. म्हणून आधी चाळणी लागते. हाँगकाँगमध्ये 20,174 पुरुषांच्या रक्तात एपस्टाइन-बार विषाणूचा डीएनए शोधला गेला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 34 रुग्ण सापडले आणि त्यांतील 71 टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले होते. अशा चाळणीतून पुढे आलेल्यांची दुर्बीण तपासणी करताना तुकडा नेमका कुठून घ्यावा हे सुचवणे, ही कृत्रिम बुद्धिमत्तेची सर्वांत पटणारी भूमिका. निदानावर शिक्कामोर्तब तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते.