‘एशियाटिक’ लंडनची शाखा कशी झाली

मुंबईत नुसतं ‘एशियाटिक’ म्हटलं की फोर्टातल्या टाउन हॉलच्या रुंद पायऱ्या डोळ्यांसमोर येतात. त्या पायऱ्यांवर फोटो काढणारे पुष्कळ, आत जाऊन पुस्तक मागणारे थोडे. पण एशियाटिक सोसायटी या अभ्यासकांच्या संस्थेच्या नियतकालिकाचा जुना खंड हाती आला, तर मुखपृष्ठावरचं नाव वाचून माणूस जरा थबकतो: रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा. वाचणाऱ्याला वाटतं, लंडनच्या संस्थेने बँकेसारखी इथे एक शाखा उघडली असणार. घडलं ते नेमकं उलटं. ही शाखा तिच्या मुख्य संस्थेपेक्षा एकोणीस वर्षांनी मोठी आहे.

सर जेम्स मॅकिंटॉश १८०४ साली मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे इंग्रज न्यायालयाचे न्यायाधीश, म्हणून इथे आले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला परळच्या सरकारी बंगल्यात (पुढे तिथे हाफकिन संस्था आली) त्यांनी काही मंडळी जमवली आणि ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन केली. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा होता आणि कंपनीची होळकरांशी लढाई जुंपलेली होती. म्हणजे ज्या मुलखाचा इतिहास लिहायला ही मंडळी बसली होती, तो अजून पुरता त्यांच्या हाती आलेला नव्हता. सभासद सगळे गोरे. या देशाबद्दल बोलायचं, पण या देशातल्या कुणाला बोलवायचं नाही, असा तो मामला होता.

तरी काम झालं, हे मान्य करावं लागतं. चिटणीस विल्यम अर्स्किन यांनी घारापुरीच्या लेण्यांवर सविस्तर निबंध लिहिला. मात्र तो छापून यायला १८१९ साल उजाडलं, आणि तेही लंडनमध्ये. संस्थेचे निबंधांचे तिन्ही खंड (१८१९, १८२० आणि १८२३) तिकडेच छापले गेले. सुएझचा कालवा व्हायला अजून अर्धशतक होतं. हस्तलिखित आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने जायचं आणि छापील खंड त्याच वाटेने परत यायचा. घारापुरी मुंबईच्या बंदरातून दिसते, पण तिच्यावरचा निबंध वाचायला मुंबईकराने विलायतेच्या जहाजाची वाट बघायची!

लंडनची संस्था निघाली १८२३ साली. ती काढणारे हेन्री थॉमस कोलब्रुक मूळचे कंपनीच्या चाकरीतले, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे माजी अध्यक्ष. हिंदुस्थानातली नोकरी संपवून घरी परतलेल्या साहेबांना आपला नाद तिकडेही चालू ठेवायचा होता. दुसऱ्याच वर्षी राजाची सनद मिळाली आणि नावामागे ‘रॉयल’ लागलं. १८३० मध्ये मुंबईची सोसायटी तिच्याशी जोडली गेली आणि वयाने मोठी असून ‘शाखा’ झाली. कलकत्तेकरांनी मात्र तसं काही केलं नाही. १७८४ पासूनचा आपला स्वतंत्र संसार त्यांनी तसाच ठेवला.

मुंबईकरांनी कमीपणा का पत्करला? माझ्या मते त्यात फारसा तोटा नव्हता म्हणून. नाव राजमान्य झालं, लंडनच्या विद्वानांत ऊठबस वाढली आणि घरचा कारभार घरच्याच हाती राहिला. गंमत अशी की शाखा झाल्यावरच संस्थेने स्वतःचं नियतकालिक मुंबईतून सुरू केलं, १८४१ मध्ये. जागेचा प्रश्नही त्याच सुमारास सुटला. टाउन हॉलसाठी आधी लॉटरी काढून पैसे उभे केले होते. ते पुरेनात, तेव्हा कंपनी सरकारने हात दिला आणि कर्नल टॉमस काउपर यांच्या आराखड्याची ही इमारत १८३३ मध्ये पुरी झाली. सोसायटीचा मुक्काम आजही तिथेच आहे.

पहिला हिंदी सभासद आत यायला छत्तीस वर्षं लागली. ते माणकजी कर्सेटजी, साल १८४०. एकदा दार किलकिलं झाल्यावर मात्र चित्र भराभर पालटलं. गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड दिवसा रोगी तपासत आणि उरलेल्या वेळात शिलालेखांचे ठसे वाचत. अजिंठ्याच्या लेखांवरचं त्यांचं वाचन याच नियतकालिकात आलं. त्यांनी जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींना हाताशी धरलं आणि लेख उतरवून आणायला गावोगाव पाठवलं.

भगवानलालांनी १८८२ मध्ये नालासोपाऱ्याजवळचा बुरुडराजाचा कोट नावाचा ढिगारा खणला. आत विटांचा स्तूप निघाला आणि स्तूपाच्या पोटात दगडी पेटी. पेटीत मधोमध तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. करंडक उघडला तर त्यात चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय असावं? मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी त्या इतक्या जपून ठेवल्या होत्या. या उत्खननाचा वृत्तान्त शाखेच्या नियतकालिकात छापला गेला, आणि तो ठेवा सोसायटीकडे आला.

दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अध्यक्ष झाले. अध्यक्षपदी बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

लंडनच्या शाखा इतरत्रही निघाल्या: कोलंबो, शांघाय, सिंगापूर, सोल. हाँगकाँगची १८४७ मध्ये निघाली आणि बारा वर्षांत बंद पडली. ती पुन्हा उभी राहायला शंभर वर्षं गेली. साहेबाची बदली झाली की संस्थेचा दिवा मालवायचा, हे दुखणं अशा ठिकाणी नेहमीचं. मुंबईला ते बाधलं नाही, कारण तोवर इथले वकील, डॉक्टर आणि शास्त्री आत येऊन बसले होते. उलट शहरातल्या इतर संस्थाच तिच्यात विलीन झाल्या, १८७३ मध्ये जिऑग्राफिकल सोसायटी आणि १८९६ मध्ये अँथ्रपॉलॉजिकल सोसायटी.

लंडनशी असलेलं नातं १९५४ मध्ये संपलं आणि ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ हे नाव आलं. २००२ मध्ये बॉम्बेचं मुंबई झालं. जुन्या लेण्यांवर किंवा ताम्रपटांवर लिहिणाऱ्यांच्या तळटिपांत मात्र ‘जेबीबीआरएएस’ ही शाखेच्या नियतकालिकाच्या इंग्रजी नावाची सहा आद्याक्षरं अजून भेटतात. त्यातला दुसरा ‘बी’ ब्रँचचा.