बनावट कस्टमर केअर (सोलापूर)

बनावट कस्टमर केअर : बँक, कुरिअर, वीज कंपनी किंवा पैसे पाठवण्याचे ॲप यांच्या ग्राहकसेवेचे नाव घेऊन व्हॉट्सॲप, टेलिग्राम अशा ॲपवरून केली जाणारी फसवणूक. ऑनलाइन फसवणुकीच्या बहुतेक प्रकारांत भामटा सावज शोधत येतो. इथे मात्र अडचणीत सापडलेला माणूस स्वतःच मदत मागत त्याच्या दारात जातो. त्यामुळे ‘अनोळखी फोन उचलू नका’ हा नेहमीचा सल्ला इथे उपयोगी पडत नाही; फोन आपणच लावलेला असतो.

सोलापूरची चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि या मालाचा बराचसा व्यवहार आता मोबाइलवर होतो. चाटी गल्लीतला दुकानदार असो की पूर्व भागातला यंत्रमागवाला, डिझाइनचे फोटो, पार्सलची पावती, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट सगळे व्हॉट्सॲपवरच येते-जाते. तिथेच ‘कुरिअर ऑफिस’ म्हणून एखादा मेसेज आला तर संशय घ्यावा असे त्यात काही वाटत नाही. दुसरी गोष्ट भाषेची. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या या शहरात ‘एक दाबा, दोन दाबा’ करून कंटाळलेल्या, दिवसभर विड्या वळून थकलेल्या बाईला समोरून कुणी ‘बोला मावशी’ म्हटले की जीव भांड्यात पडतो. नेमका हाच दिलासा भामट्याचे भांडवल असते.

खोटा नंबर ग्राहकापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. एक, इंटरनेटवर कंपनीचे नाव टाकून ‘कस्टमर केअर नंबर’ शोधला की जाहिरातीत, कुठल्यातरी साइटवर किंवा नकाशावरच्या नोंदीत पेरून ठेवलेला नंबर वर येतो. दोन, बँकेच्या फेसबुक पानाखाली कुणी तक्रार लिहिली की तेच बोधचिन्ह लावलेले खोटे खाते लगेच ‘इनबॉक्समध्ये नंबर पाठवा’ म्हणते.

पुढचा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. टॉवेलच्या पार्सलचे पैसे अडकले म्हणून दुकानदाराने फोन केला. ‘नमस्कार सर, आपली तक्रार नोंदवली आहे,’ असा मेसेज येतो, खाली टोकन क्रमांक, वर कंपनीचे बोधचिन्ह. मग एक फाइल येते, नाव ‘कस्टमर सपोर्ट’, शेवटी एपीके, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. फोन स्वतःच इशारा देतो की हे ॲप अनोळखी ठिकाणचे आहे. पलीकडचा शांतपणे सांगतो, ‘होय दाबा सर, आपलेच आहे, फोन ठेवू नका.’ त्यानंतर आलेला प्रत्येक ओटीपी ते ॲप वाचत राहते. काही वेळा फाइलऐवजी व्हिडिओ कॉल करून स्क्रीन शेअर करायला लावतात, तर काही वेळा रिफंड देतो म्हणून यूपीआय पिन टाकायला सांगतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे गेले. यूपीआय वापरणाऱ्या प्रत्येक घरात एवढे एक वाक्य तरी पाठ हवे.

माणूस किती गोड बोलतो यावरून खरेखोटे ठरवता येत नाही. नंबर कुठून मिळाला यावरून ठरवता येते. एटीएम कार्डाची मागची बाजू, पासबुक, वीजबिल, किंवा ॲपमधलाच मदतीचा विभाग, एवढ्याच जागा भरवशाच्या. हे नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवले तर घाईच्या वेळी कुणी शोधाशोध करत नाही. व्हॉट्सॲपची पडताळणीची खूण नावाशेजारी असते. फोटोतच रंगवलेली खूण आणि बोधचिन्ह कुणीही लावू शकतो. शंका आली तर फोन ठेवून सरळ शाखेत जावे.

पैसे गेलेच तर 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरवून काढून घेतली जाते. त्याआधी कळवले तर ती गोठवता येते. यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक जवळ ठेवावा. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घेणे फार मोलाचे. घरच्यांनीही त्या घटकेला बोल लावू नयेत. लाजेने गप्प बसलेल्या माणसाचा पहिला तास असाच निघून जातो, आणि पैसे त्याच तासात वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66डी नुसार संगणक किंवा मोबाइलवरून तोतयेगिरी करून फसवल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

फसलेल्यांचे नंबर भामटे जपून ठेवतात. काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येतो. पोलीस पैसे परत मिळवून देण्यासाठी शुल्क घेत नाहीत. हा फोनही त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून यादी घेतलेल्या दुसऱ्या टोळीचा असू शकतो, आणि त्याचीही वेगळी तक्रार 1930 वर देता येते.