उलव्याचा विमानतळ, घड्याळ आणि विमानांचा हिशेब

२५ डिसेंबर २०२५ला उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू झाली, तेव्हा ठाण्यापासून पनवेलपर्यंत एक प्रश्न हमखास निघायचा. टेकडी कापली, नदी वळवली, ३,७०० मीटरची धावपट्टी बांधली, वर्षाला २ कोटी प्रवाशांची सोय केली, मग दिवसाची उड्डाणं इतकी मोजकी कशी? एक कारण अगदी साधं होतं: सुरुवातीला विमानतळ सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच उघडा असायचा. विमान कंपनीच्या नियोजन खात्यात या १२ तासांचा अर्थ काय होतो, ते आकडे मांडल्याशिवाय कळत नाही.

नवी मुंबईहून बंगळुरूला दर तासाला एक विमान सोडायचंय असं धरू. एका स्टँडवरून (विमान उभं करायच्या जागेवरून) हलल्यापासून दुसऱ्या स्टँडवर थांबेपर्यंतचा वेळ, म्हणजे ब्लॉक टाइम, पावणेदोन तास. प्रवासी उतरवणं, साफसफाई, इंधन, सामान, पुन्हा बोर्डिंग या टर्नअराउंडला ३५ मिनिटं. म्हणजे जाणं, येणं आणि दोन्ही टोकांचे टर्नअराउंड धरून निघालेलं विमान परत निघायला तयार होईपर्यंत ४ तास ४० मिनिटं गेली. दर तासाला एक सोडायचं तर ५ विमानं हवीत, आणि पदरात २० मिनिटं उरतात. चारही टप्प्यांत १०-१० मिनिटं वाचवली तर चारच विमानांत भागतं. उलट प्रत्येक टप्प्यात ६-६ मिनिटं उशीर झाला की सहावं विमान आणावं लागतं. ठाणे-वाशी लोकलला किती रेक लागतील याचा हिशेबही असाच होतो. फरक इतकाच, की इथे जादा रेकऐवजी विमान आणावं लागतं आणि एकाची किंमत काहीशे कोटींत असते.

आता १२ तासांचं कुलूप लावून बघा. सकाळी ८ला सुटलेलं विमान दोन चकरा मारून ५ वाजून २० मिनिटांनी मोकळं होतं. तिसरी चक्कर काढली तर परतायला रात्रीचे साडेनऊ होणार, तोवर इथे बंद. मग ते एकतर संध्याकाळीच उभं करायचं, नाहीतर बंगळुरूला मुक्कामी पाठवायचं आणि उद्या सकाळच्या ८च्या उड्डाणासाठी दुसरं कुठलं तरी इथे रात्री उभं ठेवायचं.

ही ओढाताण भारतीय विमानसेवेइतकीच जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले, तेव्हा कंपनीकडे दोन पस मॉथ विमानं होती. वेळापत्रक त्यांच्या हातात नव्हतंच. लंडनहून इम्पीरियल एअरवेजचं टपाल कराचीला कधी पोहोचतं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून. त्यात पावसाळ्यात जुहूच्या मैदानात चिखल व्हायचा, म्हणून तेवढ्या दिवसांपुरता मुक्काम पुण्याला. विमानं किती आणि कुठे ठेवायची, हे तेव्हाही जमिनीनेच ठरवलं.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते ती नागपूरची रात्रीची टपालसेवा. ३० जानेवारी १९४९ला ती सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं, चारही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा जोड्या होतात. एकेका जोडीला एक विमान दिलं तरी सहा लागली असती. मध्ये नागपूर घातल्यावर चारांत काम झालं. पुढे अमेरिकेत ज्या ‘हब’चा एवढा बोलबाला झाला, त्याचा हा देशी अवतार कितीतरी आधीचा, आणि आपल्याकडे त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

त्याच सुमारास गणितज्ञही या प्रश्नाकडे वळले. ठरलेल्या वेळापत्रकाला कमीत कमी किती तेलवाहू जहाजं पुरतील, याची रीत डँट्झिग आणि फुल्करसन यांनी १९५४ला मांडली. जहाजाच्या जागी विमान घातलं तरी ती तशीच चालते. दोनच वर्षांनी डँट्झिग आणि फर्ग्युसन यांनी मागणी अनिश्चित असताना कुठल्या मार्गावर कुठलं विमान लावायचं, हाही प्रश्न सोडवून दाखवला. आजची सॉफ्टवेअर याच मुळावर उभी आहेत.

आपल्याकडे मात्र हिशेबात सरकारी नियमही घुसले. २००४पासून परदेशी उड्डाणांसाठी पाच वर्षांचा अनुभव आणि २० विमानं अशी अट होती. म्हणजे मार्गाला किती विमानं लागतात हे बाजूलाच, आधी २०चा आकडा गाठा! २०१६मध्ये वर्षांची अट गेली, विमानांची राहिली.

मग वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या ड्युटीतल्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. डिसेंबर २०२५च्या सुरुवातीला इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा विमानं होती, पण ती उडवायला नियमात बसणारे वैमानिक पुरेसे नव्हते. नवी मुंबईतली सेवा सुरू झाली ती यानंतर तीनच आठवड्यांनी.

आणि जुन्या विमानतळावरची उड्डाणं उचलून इकडे का आणत नाहीत? सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरीही डिसेंबर २०१८मध्ये तिथे एका दिवसात १,००७ विमानांची ये-जा झाली. अशा ठिकाणचा स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरवून मिळालेली वेळ, म्हणजे सोनं. तो हंगामात किमान ८० टक्के वापरला नाही तर पुढच्या वर्षीच्या त्याच हंगामाचा हक्क जातो. वेळापत्रकाचे हंगाम दोनच, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलणारे. म्हणून कंपन्या जुना स्लॉट सहसा सोडत नाहीत. उलव्याला उड्डाणं वाढवायची तर त्यांना बहुतेक वेळा नवीच विमानं लागतात, आणि ती कारखान्यातून कधी बाहेर पडतील ते इथल्या कुणाच्या हातात नसतं.