घरगुती जलतरण तलावाची अतिवृष्टीनंतरची निगा (नाशिक परिसर)

बंगल्याच्या किंवा फार्महाऊसच्या आवारातील तलावाचे पाणी जोरदार पावसानंतर पुन्हा पोहण्याजोगे व्हावे आणि तलावाचे बांधकाम, पंप व गाळणी यांना इजा पोहोचू नये, यासाठी करावयाची कामे. २४ तासांत ६५ मिमी.हून अधिक पाऊस झाला की महसूल खाते त्यास अतिवृष्टी मानते. नाशिकमध्ये गंगापूर रस्ता, गिरणारे आणि त्र्यंबक रस्ता या पट्ट्यात असे खासगी तलाव आढळतात. हा पट्टा सह्याद्रीकडे सरकत जातो तसा पाऊस झपाट्याने वाढतो. शहरात वर्षाला सरासरी ७०० मिमी.च्या आसपास, तर इगतपुरीत ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे शहरातील मित्राच्या तलावाला लागू पडलेला उपाय घाटाजवळच्या तलावाला पुरेलच असे नाही.

तलाव पावसाने बिघडला असे सर्रास म्हटले जाते. परंतु तो बहुतेक वेळा आभाळातून पडलेल्या पाण्याने बिघडत नाही, आवारातून वाहत आलेल्या पाण्याने बिघडतो. १० मी. लांब, ५ मी. रुंद आणि सरासरी १.४ मी. खोल अशा तलावात ७०,००० लिटर पाणी मावते. त्यावर १०० मिमी. पाऊस थेट पडला, तर भर पडते ती ५,००० लिटरांची, म्हणजे जेमतेम ७ टक्क्यांची. एवढ्याने पाण्याचे रसायन फारसे हलत नाही. मात्र भोवतालच्या ३०० चौ.मी. अंगणाचा उतार तलावाकडे असेल आणि त्यावरचे निम्मे पाणी जरी आत उतरले, तरी १५,००० लिटर येतात. आणि त्यासोबत माती, शेणखत, लॉनला टाकलेला युरिया, कुजका पालापाचोळा असे सगळे येते. यातील नत्र व स्फुरद हे शेवाळाचे खाद्य आहे. म्हणून तलावाच्या काठाची फरशी बाहेरच्या बाजूस उतरती असणे आणि चढाच्या अंगाला मे महिन्यातच चर खणून ठेवणे, या दोन गोष्टी रसायनांच्या कोणत्याही डब्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

थेट पावसाचा परिणाम दिसतो तो हंगामभराच्या हिशेबात. वरील तलावावर पावसाळ्यात ७०० मिमी. पाणी पडून तेवढेच सांडव्यावाटे गेले, तर मूळ पाण्यात विरघळलेल्या क्षारांपैकी सुमारे ४० टक्के वाहून जातात. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्याने त्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; ७ च्या खाली म्हणजे आम्लधर्मी) सुमारे ५.६ असतो आणि त्यात कॅल्शियम जवळजवळ नसते. असे भुकेले पाणी गिलाव्यातील आणि टाइलींच्या सांध्यांतील चुना खाऊ लागते, आणि सांधे बोटाने चाचपले तर खरखरीत लागतात. नाशिकच्या काळ्या कातळातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यामुळे उन्हाळ्यात भांड्यांप्रमाणे टाइलींवरही पांढरा थर धरणारा तलाव भाद्रपदात नेमकी उलटी तक्रार करू लागतो. या वाहून जाण्याचा एक लाभही आहे. वर्षभर टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल या क्लोरीनयुक्त रसायनाच्या) गोळ्या वापरणाऱ्यांच्या तलावात सायन्युरिक आम्ल साचत जाऊन क्लोरीन मंदावते. ते आम्ल पावसाळ्यात आपसूक विरळ होते.

पाऊस थांबताच पहिले काम विजेचे. पंपाची खोली अनेकदा जमिनीखाली असते व तिच्यात पाणी भरते. अशा वेळी आत पाऊल न टाकता घराकडील मेन स्विच बंद करावा. भिजलेली मोटार वायरमनने तपासून कोरडी केल्याशिवाय चालू करू नये. गडगडाट सुरू असताना तलावापासून दूर राहावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास जाऊ द्यावा. जाळीत किंवा स्किमरच्या (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या, भिंतीतील तोंडाच्या) टोपलीत बेडूक, गांडुळे आणि कधी सापही सापडतो. टोपलीत हात घालण्याआधी ती काठीने हलवून पाहावी आणि साप दिसल्यास सर्पमित्राला बोलवावे. गुलमोहराची बारीक पाने जाळीतून निसटून पंपाच्या गाळणीत बसतात. टोपलीवर नायलॉनचा जुना मोजा चढवला की ती तिथेच अडकतात आणि मोजा उलटा करून झटकला की काम होते.

यानंतर बहुतेकांच्या मनात येणारा विचार म्हणजे सगळे पाणी उपसून तलाव धुऊन काढावा. पावसाळ्यात याहून मोठी चूक नाही. मुरूम आणि कातळ यांच्या सांध्यांत पाणी भरलेले असताना जमिनीखालील पाण्याचा दाब तलावाच्या तळावर खालून येतो. भूजल तळाच्या १ मी. वर असेल, तर प्रत्येक चौरस मीटरवर एक टन, म्हणजे ५० चौ.मी.च्या तळावर ५० टन दाब पडतो. आतले पाणी हा दाब तोलून धरत असते. ते काढून घेतले की तळाला तडे जातात, फायबरचा तलाव तर जमिनीतून अक्षरशः वर येतो. रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावरून नाशिककर गोदावरीचा पूर जोखतात. तलावाच्या मालकाने तसेच आपल्या किंवा शेजाऱ्याच्या विहिरीत डोकावून भूजल जोखावे. विहीर तुडुंब असेपर्यंत तलाव रिकामा करण्याचा विषयच काढू नये. काठोकाठ आलेले पाणी फक्त नेहमीच्या पातळीपर्यंत, म्हणजे स्किमरच्या तोंडाच्या मध्यापर्यंत उतरवावे.

गढूळ पाणी निवळवणे हे काम रसायनांच्या समतोलाआधी येते, कारण मातीचे कण क्लोरीन खातात आणि जंतूंना आडोसा देतात. काळ्या मातीचे कण इतके सूक्ष्म असतात की सँड फिल्टर दिवसभर चालवूनही पाणी चहाच्या रंगाचेच राहते. येथे तुरटी लागते. आधी एका बादलीत तलावाचे पाणी घेऊन थोड्या तुरटीचे द्रावण ढवळून घालावे. अर्ध्या तासात कापसाच्या पुंजक्यांसारखे गोळे होऊन तळाशी बसू लागले, तर त्या हिशेबाने संपूर्ण तलावाची मात्रा काढता येते. मात्रा टाकून पाणी थोडा वेळ फिरवावे, मग पंप बंद करून रात्रभर त्यास कोणीही हात लावू नये. सकाळी तळावर गाळाची मऊ साय दिसते. ती व्हॅक्यूमने अगदी सावकाश ओढावी आणि व्हॉल्व्ह फिल्टरवर न ठेवता ‘वेस्ट’वर ठेवून थेट बाहेर काढावी, नाहीतर तोच गाळ वाळूत गच्च बसतो. यानंतर फिल्टरच्या दाबाचा काटा स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआय (दाबाचे एकक) वर गेला की बॅकवॉश करावा, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवावा.

तुरटी आम्लधर्मी असल्याने तिच्यामुळे क्षारता, म्हणजे पीएच स्थिर राखण्याची पाण्याची ताकद, आणखी घटते. म्हणून मोजणी त्यानंतरच करावी. एकूण क्षारता ८० ते १२० पीपीएम (दर दहा लाख भागांतील भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. वरील तलावात खायच्या सोड्याने क्षारता १० पीपीएमने वाढवण्यास सुमारे सव्वा किलो सोडा लागतो. पीएचकडे दुर्लक्ष करून क्लोरीन टाकणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय: पीएच ७.५ असताना टाकलेल्या क्लोरीनपैकी साधारण निम्मे, तर ८ असताना जेमतेम पाव भाग प्रभावी रूपात असतो. पीएच ७.२ ते ७.४ वर आणून सूर्यास्तानंतर क्लोरीनची मोठी मात्रा द्यावी, कारण उन्हात ते उडून जाते. ७०,००० लिटरांत १० पीपीएम क्लोरीन होण्यास ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे १.१ किलो, किंवा ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सुमारे २.३ किलो लागते. पावसाळी हवेत उघडे राहिलेल्या पोत्यातील पावडरीचा जोर बराच उतरलेला असतो. अशा पावडरीवर हा हिशेब बसत नाही. टीसीसीए आणि हायपोक्लोराइट कधीही एकत्र करू नयेत, एकाच्या ओल्या मापानेसुद्धा दुसरे घेऊ नये. त्यातून आग किंवा स्फोट होतो. हायपोक्लोराइटवर आम्ल पडल्यास विषारी वायू सुटतो.

नाशिकमध्ये शेवाळावर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकण्याची सवय मोठी आहे, कारण बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी ते द्राक्षबागायतदाराच्या घरी असतेच. मोरचूद शेवाळ मारते हे खरे. पण मात्रा चुकली की तांब्याचे निळे-हिरवे डाग गिलाव्यावर कायमचे बसतात आणि फिकट रंगाच्या केसांवर हिरवी छटा येते. एकदा डाग धरलेला तलाव पाहिला की हा मोह पुन्हा होत नाही. बागेला लागून असलेल्या तलावात परतीच्या पावसाच्या दिवसांत वेगळीच अडचण येते: ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या वाढलेल्या असतात आणि त्यांचा अंश वाऱ्याने व वाहत्या पाण्याने तलावात येतो. अशा वेळी फवारणीच्या दिवशी तलाव झाकून ठेवावा. मात्र झाकणावर साचलेले पाणी रोज काढावे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

नदीचे किंवा गटाराचे पाणी तलावात शिरले असल्यास वरील उपाय पुरत नाहीत. असे पाणी मैलामिश्रित समजून त्याला हात लावू नये, क्लोरीनने निर्जंतुक करून झाकून ठेवावे आणि भूजल उतरल्यावर उपसून भिंती व तळ घासून नवे पाणी भरावे. उपसलेले पाणी नाल्यात किंवा बागेत सोडण्यापूर्वी त्यातील क्लोरीन उन्हात उडून जाऊ द्यावे.

पोहण्यास परवानगी देण्याची कसोटी चाचणीच्या पट्टीइतकीच डोळ्यांचीही आहे. मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर आले पाहिजे, आणि काठावर उभे राहिल्यावर सर्वांत खोल भागातील तळाची जाळी, तिच्या फटींसह, स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तर तळाशी गेलेले मूलही दिसणार नाही.