लिव्हरी शर्यतीची असते : गाड्यांच्या रंगांमागचा इतिहास आणि नागपुरातलं कामाचं टेबल

फोर्ड जीटी४०ची पी/१०७५ ही एकच चॅसी (म्हणजे प्रत्यक्ष तीच एक गाडी) १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. पहिल्या वर्षी तिच्यावर ९ क्रमांक होता आणि पेद्रो रॉड्रिगेझ व ल्यूसिएन बिआंकी चालक होते. दुसऱ्या वर्षी क्रमांक ६ होता, चालक जॅकी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर. फिकट निळा तोच, मधला केशरी पट्टा तोच. तेव्हा गेममध्ये ही गाडी रंगवायला घेणारा किंवा तिचं मॉडेल शोधणारा नुसतं "गल्फची जीटी४०" (गल्फ ही प्रायोजक तेल कंपनी) म्हणत असेल, तर त्याचं अजून निम्मंच ठरलं आहे. वर्ष, शर्यत आणि क्रमांक ठरल्याशिवाय स्टिकर कुठे लावायचे हेच कळत नाही. लिव्हरी, म्हणजे गाडीवरचे रंग, पट्टे, क्रमांक आणि लोगो, अशी शर्यतीगणिक का बदलते, याची कारणं शंभरेक वर्षांत साचत गेलेली आहेत. नियम, पैसा, छपाई आणि टीव्ही अशी ती कारणं आहेत.

सुरुवात देशांच्या रंगांपासून झाली. १९०० साली सुरू झालेल्या गॉर्डन बेनेट चषकात गाडी कंपनीची नव्हे, देशाची म्हणून उतरायची. ओळखू यावी म्हणून फ्रान्सला निळा, जर्मनीला पांढरा, बेल्जियमला पिवळा आणि अमेरिकेला लाल असे रंग वाटले गेले. १९०३ची शर्यत आयर्लंडमध्ये झाली, तिथे ब्रिटिश गाड्या हिरव्या होत्या. आज ज्याला ब्रिटिश रेसिंग ग्रीन म्हणतात, त्याचं मूळ या काळात आहे. मात्र त्या नावाची एकच ठरलेली छटा कधीच नव्हती. दशकानुसार आणि संघानुसार ती गडद-फिकट होत गेली. त्यामुळे "बीआरजी"ची एकच बाटली आणून १९२०च्या दशकातली बेंटली आणि १९६०च्या दशकातली लोटस दोन्ही रंगवल्या, तर एक तरी नक्की चुकते. लाल रंग पुढे इटलीचा झाला.

जर्मनीचा पांढरा चंदेरी कसा झाला, ही गोष्ट मॉडेलवाल्यांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. १९३४च्या नियमाप्रमाणे ग्रां प्री गाडीचं वजन ७५० किलोच्या आत असायला हवं होतं. त्या जूनमध्ये न्युर्बुर्गरिंगच्या आयफेल शर्यतीच्या आदल्या रात्री मर्सिडीज डब्ल्यू२५ एक किलो जड भरली आणि रंग खरवडून तिचं ॲल्युमिनियम उघडं केलं, असं संघप्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर पुढे सांगत. इतिहासकारांना हे पटत नाही, कारण ती शर्यत ७५० किलोच्या नियमाखाली नव्हतीच. खरं काही असो, उघडं ॲल्युमिनियम आणि पुढच्या वर्षांतला चंदेरी रंग हे दोन वेगळे पृष्ठभाग आहेत. मॉडेलवर पहिल्यासाठी ग्लॉस काळ्या अस्तरावर पातळ मेटॅलिक हात लागतो, दुसऱ्यासाठी बारीक कणांचा साधा चंदेरी. गेममध्येही फक्त रंग बदलून भागत नाही, चकाकीचं वेगळं टेक्स्चर (गाडीच्या आकारावर गुंडाळलेलं चित्र) बदलावं लागतं.

मोठा पालट १९६८चा. प्रायोजकांच्या रंगांना वाट मोकळी झाली आणि १ जानेवारीला दक्षिण आफ्रिकेत क्यालामी इथे जॉन लव्हची ब्रॅबम गनस्टन सिगारेटच्या रंगात उतरली. मे महिन्यात हारामाला ग्रॅहम हिलने गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी लोटस ४९मधून स्पॅनिश ग्रां प्री जिंकली. १९७२मध्ये लोटस काळी-सोनेरी झाली. गल्फचा निळा-केशरी याच सुमाराचा, १९६७च्या मिराज गाड्यांपासूनचा. गल्फ तेल कंपनीचा स्वतःचा निळा गडद होता. तिने विल्शायर ऑइल ही कंपनी विकत घेतली होती आणि तिच्याकडचा फिकट निळा व केशरी ट्रॅकवर उठून दिसेल म्हणून तो घेतला. जीटी४०च्या केशरी पट्ट्याला दोन्ही बाजूंनी बारीक गडद निळी किनार आहे. हौशी कामात हीच किनार सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि ती नसली की केशरी पट्टा निळ्यावर तरंगल्यासारखा दिसतो.

तंबाखूच्या पैशाने रंग आणले, तसेच तंबाखूवरच्या बंदीने ते शर्यतीगणिक बदलायला लावले. जाहिरातबंदी असलेल्या देशात संघ नाव झाकून उतरायचे. जॉर्डन संघाच्या पिवळ्या गाडीवर बेन्सन अँड हेजेस या सिगारेटच्या नावाच्या जागी १९९७मध्ये "बिटन अँड हिसेस" आलं, तर १९९८पासून "बझिन हॉर्नेट्स". युरोपात जुलै २००५ अखेर सीमापार प्रायोजकत्वही थांबलं. फेरारीने काही वर्षं बारकोडसारख्या रेघा लावल्या आणि मे २०१०मध्ये त्याही काढल्या. याच कारणाने खोक्यातून येणाऱ्या बऱ्याच मॉडेलांवर तंबाखूची नावं नसतात आणि ती वेगळ्या डिकल शीटमधून (डिकल म्हणजे मॉडेलवर चिकटवायचं पातळ छापील चित्र) लावावी लागतात. तेव्हा मॉडेलवर नाव नाही म्हणजे निर्मात्याने चूक केली, असं लगेच धरू नये. ती गाडी खरोखर नावाशिवाय धावलेल्या शर्यतीचीही असू शकते. आधी त्या शर्यतीचे फोटो पाहावेत.

मार्लबोरोच्या मॅक्लारेनचा लाल हा आणखी एक चकवा. टीव्हीवर सिगारेटच्या पाकिटासारखा दिसावा म्हणून प्रत्यक्षात वापरलेला रंग फ्लुरोसंट, केशरीकडे झुकणारा होता. स्क्रीन असा रंग दाखवूच शकत नाही, म्हणून गेममध्ये किंचित केशरी लाल निवडून समाधान मानावं लागतं. मॉडेलवर फ्लुरोसंट रंगाखाली पांढरा प्रायमर हवाच. करड्या प्रायमरवर तो मळकट दिसतो. चार-पाच पातळ हात द्यावेत. आणि हा रंग उन्हाने सगळ्यांत आधी उडतो.

आता छोट्या गाड्यांकडे. मेकॅनोने १९३४मध्ये डिंकी टॉईज हे नाव वापरायला सुरुवात केली. १:४३ हे प्रमाण ओ गेजच्या खेळण्यातल्या रेल्वेवरून आलं. मॅचबॉक्स १९५३ची, कॉर्गी १९५६ची, हॉट व्हील्स १९६८ची. लिव्हरीच्या दृष्टीने मात्र जास्त मोलाचं वर्ष १९७४ आहे, कारण तेव्हा हॉट व्हील्सने टॅम्पो छपाई आणली. कोरलेल्या धातूच्या पट्टीवरची शाई मऊ सिलिकॉनचा गोळा उचलतो आणि वाकड्या पत्र्यावर टेकवतो. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागतो, म्हणून स्वस्त मॉडेलवर रंग कमी असतात आणि एखादा ठसा सरकला की पांढरी कड डोकावते. १९९०नंतर मिनीचॅम्प्सने १:४३मध्ये एकाच गाडीच्या शर्यतवार आवृत्त्या काढायची सवय लावली. पुढे स्पार्कने रेझिनमध्ये आणि मिनी जीटीने १:६४मध्ये तेच चालवलं.

खोक्यावरच्या "१:६४"वर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. हॉट व्हील्स गाडी पाकिटात मावेल अशा मापाने घडवतात. व्हर्नियरने व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, मोजावा. जीटी४०चा व्हीलबेस ९५ इंच, म्हणजे २४१३ मिमी. तो १:६४ला ३७.७ मिमी आणि १:४३ला ५६.१ मिमी यायला हवा. जे प्रमाण निघेल, त्याच प्रमाणात डिकल छापायचे. ४५ सेंमीची क्रमांकाची गोल चकती १:६४ला ७ मिमी होते. ५ सेंमी उंचीचं अक्षर ०.८ मिमी, म्हणजे ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपके) लेझर प्रिंटरवर जेमतेम १९ ठिपके. इंकजेटवर ते वाचता येत नाही.

गेममध्ये ही हौस जुनी आहे. पॅपायरसच्या १९९४च्या नॅस्कार रेसिंगमध्ये गाडी रंगवायची सोय होती. २००५च्या फोर्झा मोटरस्पोर्टने वेगळी पद्धत रूढ केली : गोल, चौकोन, त्रिकोण असे साधे आकार थरावर थर रचून लोगो उभा करायचा. त्यात मेहनत प्रचंड, पण हात तयार होतो. २०१७मध्ये ग्रान टुरिस्मो स्पोर्टने बाहेरून एसव्हीजी (रेषा-आकारांनी बनलेल्या चित्राची फाइल) डिकल चढवायची सोय दिली आणि तिच्यावर १५ केबीची मर्यादा घातली. ती मर्यादा ओलांडायला काहीच लागत नाही. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचं पाथमध्ये (रेषांच्या आकारात) रूपांतर करावं, सिम्प्लिफायने नोड (रेषेवरचे बिंदू) कमी करावेत, दशांश स्थळं दोनवर आणावीत. तरी बसलं नाही तर लोगो दोन फाइलींत तोडावा. फोटो एसव्हीजीत घातला तर तो चालत नाही, ट्रेसच करावा लागतो.

असेटो कोर्सासारख्या पीसी गेममध्ये गाडीचं पूर्ण टेक्स्चर आपल्या हातात येतं, तसे घोटाळेही वाढतात. मापं २०४८ किंवा ४०९६ अशीच ठेवावीत. डीडीएस ही टेक्स्चरची फाइल सेव्ह करताना मिपमॅप (दूरच्या दृश्यासाठीच्या लहान प्रती) बनवायचे राहून गेले तर दूरची गाडी लुकलुकते. रंग टेम्प्लेटच्या रेषेबाहेर निदान १६ पिक्सेल जाऊ द्यावा, नाहीतर दाराच्या फटीत पांढरी रेघ उमटते. काही गाड्यांच्या डाव्या-उजव्या बाजू एकाच टेक्स्चरवर असतात. तिथे एका बाजूची अक्षरं उलटी येणारच, तेव्हा आधी चाचणीसाठी एक मोठं "क" लिहून पाहावं. जुन्या फोटोतून रंग उचलण्यापूर्वी क्रमांकाच्या पांढऱ्या चकतीवरून व्हाइट बॅलन्स नीट करावा. फिल्मवर गल्फचा निळा कधी हिरवट तर कधी जांभळट उतरतो. सत्तरच्या दशकापर्यंतची बरीच अक्षरं हातानं रंगवलेली आहेत, दोन्ही बाजूंची सारखी नाहीत. ती कॉम्प्युटरच्या फॉन्टने सरळ करून टाकली की गाडी कालची वाटते. वेळ असेल तर अक्षरं फोटोवरून ट्रेस करावीत.

नागपुरात स्टिकर म्हटलं की आधी रेडियमवाला आठवतो. पण त्याचं व्हिनाइल ८० मायक्रॉनच्या आसपास जाड असतं. १:४३च्या हिशेबाने ते खऱ्या गाडीवर साडेतीन मिमी जाडीचा पत्रा चिकटवण्यासारखं होतं. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीवर मोठ्या बैलाची झूल कापून घातली तर ती अंगावर बसत नाही, ताठ उभी राहते, तसंच हे. त्याच्या प्लॉटरचा उपयोग वेगळा आहे : पट्ट्यांचे आणि चकत्यांचे मास्क (रंगवताना बाकीची जागा झाकायचे कागद) कापून घ्यावेत, विशेषतः १:१८ आणि १:२४साठी. लोगोसाठी वॉटरस्लाइड, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचा, डिकल पेपरच हवा. लेझर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून गडद गाडीसाठी पांढऱ्या पाठीचा कागद घ्यावा आणि अगदी काठाने कापावा. छापलेला सोनेरी नेहमी मोहरीसारखा पिवळा येतो, तेव्हा लोटसच्या रेघा सोनेरी रंगाने मास्क लावूनच काढाव्यात.

डिकल नेहमी ग्लॉस क्लिअरवर (चकचकीत पारदर्शक थरावर) लावावा आणि तो क्लिअर २४ तास वाळलेला असावा. मॅट पृष्ठभागावर खाली हवा अडकते आणि फिल्म चंदेरी दिसते. पाणी कोमट आणि आरओचं घ्यावं. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे डाग डिकलखाली कायमचे राहतात. १५-२० सेकंद बुडवून मिनिटभर टिश्यूवर ठेवावा. गाडीवर मायक्रो सेट (डिकल चिकटवायचं द्रावण) लावून डिकल सरकवावा, इअरबडने मधून कडेकडे पाणी काढावं, मग मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रावण). सोलने डिकल सुरकुततो. घाबरून हात लावला तर तो फाटतो. वीस मिनिटांत आपोआप बसतो. बुडबुडा राहिला तर सुईने टोचून पुन्हा सोल.

इथलं हवामान हे या कामातलं निम्मं गणित आहे. मे महिन्यात पारा ४५च्या घरात असताना स्प्रेचे थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग सॅंडपेपरसारखा होतो. सकाळी सहाच्या सुमारास, १५ सेंमीवरून, रंगात रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घालून मारावं. कूलर चालू असलेल्या खोलीत स्प्रे अजिबात नको. तो दमट हवा फेकतो आणि खसचे बारीक तंतू ओल्या क्लिअरवर आणून बसवतो. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकरवर पांढुरकी झाक येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर हवेतलं पाणी जमतं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थांबावं. टू-के क्लिअरमध्ये (हार्डनर मिसळून वापरायच्या दोन भागांच्या क्लिअरमध्ये) आयसोसायनेट हे घातक रसायन असतं, त्याला योग्य फिल्टरचा मास्क लागतो. रुमाल चालत नाही.

ठेवणीतल्या गाड्यांनाही हीच हवा सोसायची असते. पश्चिमेच्या खिडकीसमोर शोकेस नको. उन्हात रेझिनचे मागचे पंख वाकतात आणि पितळी पत्र्याचे भाग गोंदातून सुटतात. मऊ पीव्हीसी टायरमधलं प्लॅस्टिसायझर पारदर्शक स्टँडला चिकटून खड्डे पाडतं, म्हणून गाडी चाकांवर न ठेवता पोटाखालच्या स्क्रूवर तोलावी. सिलिका जेल दर पावसाळ्यात भाजून बदलावं. जुन्या डिंकी घेताना पत्र्यावर बारीक भेगा किंवा फोड दिसले तर त्या घेऊ नयेत. झिंकच्या मिश्रणात शिशाचा अंश जास्त राहिला की धातू आतून किडतो, दमट उष्ण हवेत ते लवकर होतं आणि त्यावर इलाज नाही. ही कीड शेजारच्या गाडीला मात्र लागत नाही.

आपल्याकडे हा छंद उशिरा पसरला. साठच्या दशकाअखेर डिंकीच्या जुन्या साच्यांवर कलकत्त्यात निकी टॉईज निघाल्या, नंतर लिओ मॅटेलच्या हॉट व्हील्स आल्या. २०२०मध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०वरून ६० टक्के झाली, २०२३मध्ये ७०. जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएस चिन्हही सक्तीचं झालं. परदेशी १:४३ महाग पडू लागल्यावर साधी गाडी घेऊन तीच रंगवण्याकडे कल वाढणं साहजिक होतं. इतवारीच्या घाऊक बाजारातली किंवा बर्डीवरची स्वस्त डायकास्ट त्यासाठी पुरते. खालचे रिव्हेट ३ ते ४ मिमीच्या ड्रिलने उडवून काच आधी बाहेर काढावी, कारण टॅम्पो पुसायच्या ॲसिटोनने काच पांढरी पडते.

पहिल्या मोठ्या कामासाठी फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाची २००९ची व्हीजेएम०२ घ्यावी. पांढरी गाडी, त्यावर केशरी आणि हिरवा, त्यामुळे पांढऱ्या पाठीच्या कागदाची अडचणच येत नाही. त्या वर्षी बेल्जियममधल्या स्पाला जियानकार्लो फिसिकेला या गाडीतून पोलवर (सुरुवातीच्या रांगेत सर्वांत पुढे) होता आणि किमी रायकोनेनच्या मागे दुसरा आला. शर्यत हीच धरावी, क्रमांक २१. केशरी आणि हिरवा मास्क लावून रंगवावेत, डिकल फक्त अक्षरांसाठी, आणि फोटो त्या आठवड्याअखेरचेच वापरावेत. पुढच्याच शर्यतीपासून फिसिकेला फेरारीत होता, त्यामुळे मॉन्झाच्या फोटोतल्या २१ क्रमांकाच्या गाडीत दुसराच चालक बसलेला आहे.