एका वेळी एकानेच बोलायचं?

मूल वर्गात दुसऱ्याचं बोलणं तोडून मध्येच बोललं की 'लक्ष नाही, वळण नाही' असा शेरा ठरलेला. हवाईच्या कॅथरिन औ यांनी या समजुतीची कसून परीक्षा घेतली. त्या आधी शाळेत शिकवत होत्या, पुढे हवाई विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

१९७०च्या दशकात मूळ हवाईयन मुलं वाचनात मागे पडत होती. त्यासाठी होनोलुलूत कामेहामेहा शाळांनी संशोधन प्रकल्प सुरू केला, औ त्यातल्याच. ही मुलं घरी मिळून गोष्ट सांगत: एकानं सुरुवात करायची, दुसऱ्यानं वाक्य उचलायचं, तिसऱ्यानं त्यात भर घालायची. याला तिथे 'टॉक स्टोरी' म्हणतात. शाळेत मात्र बाईंनी एकट्याला उभं केलं की तीच मुलं गप्प.

१९८० साली औ यांनी एका हवाईयन शिक्षिकेच्या वाचनतासाचं चित्रीकरण संवादागणिक तपासलं. पुढच्या वर्षी संशोधक जाना मेसन यांच्यासोबत त्यांनी त्याच मुलांना शिकवणाऱ्या दोन शिक्षिकांची तुलना केली. संवादात तीन गोष्टींवर ताबा असू शकतो: विषय कोणता, कोण बोलणार आणि कधी बोलणार. एका शिक्षिकेनं तिन्ही स्वतःकडे ठेवले. तिचा बराच वेळ 'आता तुझी पाळी नाही' हे सांगण्यातच गेला. दुसरीनं विषय हातचा सोडला नाही, पण कोणी आणि कधी बोलायचं हे बरंचसं मुलांवर सोपवलं. तिच्या वर्गात आवाज एकमेकांत मिसळत, तरी बोलणं गोष्टीबद्दलच चाले. मुलं बरोबर उत्तरं जास्त देत, तर्कही जास्त लढवत. औ आणि मेसन यांनी याला हक्कांचा तोल म्हटलं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण मुलं तीच होती, बदलले होते फक्त बोलण्याचे नियम.

म्हणून 'अमक्या समाजाच्या मुलांचा मेंदूच तसा' हा निष्कर्ष यातून निघत नाही. अशाच समजुतीवर, बोटांच्या ठशांवरून मुलाची शिकण्याची पद्धत सांगणाऱ्या चाचण्या आपल्याकडे पैसे घेऊन विकल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही.

हवाईतली पद्धतही सगळीकडे जशीच्या तशी चालली नाही. प्रकल्पातल्या संशोधकांनी ती अ‍ॅरिझोनात रफ रॉक इथे नावाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीच्या मुलांसोबत वापरून पाहिली. हवाईत चालणारे मुलामुलींचे चार-पाच जणांचे मिश्र गट तिथे जमेनात. मुलं मुलांबरोबर आणि मुली मुलींबरोबर, जोडीजोडीनं चांगलं काम करत. शिवाय गोष्ट मध्येच थांबवून केलेली चर्चा त्यांना रुचेना. आधी गोष्ट पूर्ण ऐकायची, मग बोलायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.